भाऊजींच्या तीन बातम्या

कालव्याच्या कडेने आम्ही बरंच अंतर तोडलं होतं, तरी इस्पितळ काही दिसायला तयार नव्हतं. दोनदा मी म्हटलं, "भाऊजी, मागून बस येतेय." दोन्ही वेळा त्यांनी बसकडे अशा नजरेने पाहिलं की ती बिचारी न थांबताच निघून गेली.

"रोमन शिपाई दिवसभर चालायचे, तेही पाठीवर ओझं घेऊन," ते म्हणाले. "मुक्कामाला पोचले की आधी तळाभोवती खंदक खणायचे. मग जेवण."

"त्यांना डॉक्टरांनी वेळ दिलेली नव्हती."

भाऊजी हसले. मला तेवढ्यानेसुद्धा बरं वाटलं, कारण ते रस्त्यात पडल्यापासून त्यांच्या तोंडून रोमन शिपाई बाहेर पडलेला मी पहिल्यांदाच ऐकत होते.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. लोकांच्या दातांच्या कवळ्या तयार करणं हा त्यांचा धंदा. त्या दिवशी त्यांच्या काखेत तपासण्यांची जाड फाईल होती. ती बघून डॉक्टर सांगणार होते, की सकाळी पळायला गेलेले असताना ते जे कोसळले ते हृदयामुळे, की दुसऱ्याच कशामुळे. हृदयामुळे असेल तर पळणं बंद, कायमचं. आणि बंद होण्यातसुद्धा नशीब मानायचं, कारण भाऊजींचे वडील असेच चालता चालता रस्त्यात पडले होते, ते उठलेच नाहीत. ताईने ही गोष्ट लग्नाच्या आधीच ऐकली होती. इतक्या वर्षांत तिने ती एकदाही तोंडातून काढली नाही, पण विसरलीही नव्हती.

खरं तर इस्पितळात तीच जाणार होती. सकाळी मी त्यांच्याकडे गेले तर दारात एक चप्पल पायात, एक हातात अशी बसलेली. म्हणाली, "मला नाही ऐकवणार गं. तू जा यांच्याबरोबर. चांगलं असलं तर लगेच फोन कर. आणि वाईट असलं तर..." आणि हातातली चप्पल कितीतरी वेळ पुसत बसली.

"धाकटे, तू मनातल्या मनात देवाचं नाव घेतेयस ना?" भाऊजींनी चालता चालता विचारलं. मी लहान बहीण, म्हणून लग्नात त्यांनी मला 'धाकटी' म्हटलं, ते आता केस पांढरे झाले तरी चालूच आहे.

"घेतेय. तुम्हाला काही त्रास?"

"छे छे. ओठ हलतात तुझे, म्हणून विचारलं. घे, घे. रोमन लोक तर पक्ष्यांना विचारल्याशिवाय पाऊल उचलत नव्हते. जहाजावर पवित्र कोंबड्या न्यायचे. लढाईच्या सकाळी त्यांना दाणे टाकायचे. भराभर खाल्ले, की देवाची संमती आहे असं समजायचं. एका सेनापतीच्या कोंबड्या एकदा दाण्याला चोच लावेनात. तो तापट. म्हणाला, खात नाहीत ना, मग पाणी पिऊ देत! आणि दिल्या समुद्रात फेकून."

"मग?"

"मग काय, लढाई हरला. बहुतेक जहाजं गमावून बसला."

मी थांबले. "भाऊजी, ही गोष्ट आजच सांगायची होती?"

ते एकदम ओशाळले. "अगं, मी आपलं... पक्षी आणि रोम एकाच गोष्टीत आले म्हणून..."

"असू दे. आपल्याकडे कोंबड्या नाहीत. चला."

पक्षी, रोम आणि पळणं ही भाऊजींची तीन दैवतं आहेत असं लोक म्हणतात. मी म्हणणार नाही. दैवत माझ्या मते एकच. पण तीन खुळं मात्र खरी. आणि खूळ माणसाने आपल्यापुरतं ठेवावं हे काही त्यांना मान्य नाही. रोज संध्याकाळी जेवायला बसलं, की पहिल्या घासाला पक्षी. आज कुठला दिसला, काय करत होता. दुसऱ्या वाढणीला रोम. हात धुवायला उठेपर्यंत पळण्याचं: पोटरी कशी होती, चढावर दम कसा पुरला. त्यांची लेक याला बातम्या म्हणायची. "बाबा, ठळक बातम्या सांगा. सविस्तर वृत्त नको." ताई वाढता वाढता "हं" म्हणायची. या 'हं'चेसुद्धा प्रकार होते. एक 'ऐकलं', एक 'आता पुरे', आणि एक 'भात हवाय का सांगा आधी'.

माझं कपडे शिवायचं, उसवायचं, लांबी कमी करायचं दुकान त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी. घरी मी एकटी, त्यामुळे आठवड्यातून निम्मी जेवणं ताईकडेच. आमच्या शाळेच्या पुस्तकात रोम दीड पानात आटोपला होता. भाऊजींनी मला तो इतकी वर्षं पुरवून पुरवून वाढला.

ते काही पंडित नव्हेत हं. ग्रंथालयातून जाडजूड पुस्तक आणायचे, झोपण्यापूर्वी चार पानं वाचायची, आणि सकाळी पळताना ती मनात घोळवायची, ही त्यांची रीत. घोळवता घोळवता त्यांत बरीच सरमिसळ व्हायची. एका राजाचा खून दुसऱ्याच्या नावावर जायचा. एकदा एकाच सम्राटाला त्यांनी सोमवारी मारलं आणि गुरुवारी पुन्हा मारलं. ताई आमटीची पळी तशीच धरून म्हणाली, "हा मेला होता ना?" तेव्हा मला कळलं, की ही बाई 'हं' म्हणते, पण सगळं ऐकते.

पक्ष्यांचंही तेच. कालव्यापलीकडच्या गोदामाच्या छपरावर एक ससाणा बसतो, हे त्यांनी आम्हाला कित्येक महिने सांगितलं. काय त्याची नजर! काय त्याची स्थिर बैठक! वारा असो, ऊन असो, गडी जागचा हलत नाही. शेवटी एका रविवारी लेक त्यांच्याबरोबर गेली. परत आली ती जिन्यापासूनच हसत. "आई, बाबांच्या ससाण्याच्या पायात स्क्रू आहे!" कबुतरं येऊ नयेत म्हणून गोदामवाल्याने प्लास्टिकचा बसवला होता. दुसऱ्याने त्या दिवसापासून पक्ष्यांचं नाव काढलं नसतं. भाऊजींनी दुसऱ्या दिवशी पहिल्या घासाला गंभीरपणे सांगितलं, "ससाणा जागेवर आहे."

कामाच्या जागीही ही वाटणी चालायची. मी तिथे एकदोनदा गेले आहे. लांबट खोली, खिडकीशी टेबलं, सगळ्या गोष्टींवर प्लास्टरची पांढरी भुकटी. फळ्यांवर ओळीने जबड्यांचे साचे, एकालाही दात नाही. भाऊजी त्यांना 'सिनेट' म्हणतात, म्हणजे रोमच्या म्हाताऱ्या पुढाऱ्यांची सभा. मेणात एकेक दात बसवायचा, साचा उघडमीट करून वरचा दात खालच्यावर नीट बसतो का बघायचं, पुन्हा काढायचा, पुन्हा बसवायचा, हे काम ते तासन् तास न कंटाळता करतात. हात चालू, आणि तोंडही चालू. तिथल्या मालकीणबाई एकदा माझ्यासमोर म्हणाल्या, "लोकांची तोंडं चालत नाहीत म्हणून आपण कवळ्या करतो. तुमचं थांबावं म्हणून काय करू, ते सांगा!" पण मधल्या सुट्टीत डबा उघडला, की त्याच आधी विचारायच्या, "मग? आज कोण दिसलं?"

तर अशा माणसाला एक दिवस सकाळी पावाच्या गाडीवाल्याने घरी आणून सोडलं. कपाळाला खोक, कोपर सोललेलं, चेहरा प्लास्टरच्या साच्यासारखा. कालव्याच्या पुलाजवळ रस्त्यात आडवे दिसले म्हणाला. टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "काय करत होतात?" भाऊजी म्हणाले, "पळत होतो." पुढच्या डॉक्टरांनी विचारलं, त्यांनाही तेच. मग तपासण्या सुरू झाल्या. छातीला तारा लावून फिरत्या पट्ट्यावर चालवलं, एक यंत्र छातीला चिकटवून घरी पाठवलं, काय काय केलं. आणि हे सगळं होईपर्यंत पळायचं नाही. ताईने त्यांचे पळायचे बूट कपाटाच्या वर, पार मागे टाकले.

पळणं थांबलं तसे पक्षीही थांबले. दिसायचे ते पळतानाच. आणि रोमही थांबला, कारण तो घोळवायचा तोही पळतानाच. हे आम्हा कोणाच्याच आधी लक्षात आलं नव्हतं. एकाच दोऱ्याने शिवलेलं होतं तिन्ही, एक टोक ओढलं आणि सगळं उसवलं.

मी जेवायला असले की बघायचे. भाऊजी खाली मान घालून जेवायचे. एकदा ताईनेच विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं, "मग? आज कोण मेलं रोममध्ये?"

"कोणी नाही."

"एवढ्या मोठ्या राज्यात?"

"नाही गं. मीठ दे जरा."

दुसऱ्या दिवशी ताई दुकानात आली. मी एका पँटची लांबी खडूने आखत होते. ती म्हणाली, "आधी डोकं खायचे तर मी वैतागायचे. आता गप्प बसतात तर घरात नळ ठिबकलेला ऐकू येतो. रात्री मी यांच्या छातीवर हात ठेवून झोपते गं. म्हणजे झोपत नाहीच. ते हात काढत नाहीत, आणि आम्ही दोघंही बोलत नाही." माझी खडूची रेघ वाकडी गेली. ती गेल्यावर मी मशीनवर हात ठेवून डोळे मिटले आणि जिथे मागायचं तिथे मागितलं.

एवढं सगळं पाठीवर घेऊन आम्ही एकदाचे इस्पितळात पोचलो. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर नंबर दाखवणारी पाटी, पाण्याच्या मशीनखाली ठेवलेली वाटी. भाऊजी फाईल मांडीवर घेऊन बसले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चष्मा डोक्यावर चढवलेला. त्यांनी फाईल मागून पुढे, मग पुढून मागे चाळली. मी पदर बोटाला गुंडाळत होते.

"हृदय उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "इतकं, की मला स्वतःचं दाखवायची लाज वाटेल."

भाऊजींनी विचारलं, "नक्की?"

"नक्की. पण मग पडलात कशाने, हे मला समजत नाहीये. नेमकं काय करत होतात?"

"पळत होतो."

"पळताना पडलात, की थांबल्यावर?"

हे त्यांना आजवर कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी विचार केला. "थांबलो होतो."

"का थांबलात?"

"पाकोळ्या आल्या होत्या."

"कोण आल्या होत्या? नातेवाईक?"

"पक्षी आहेत हो ते," मी म्हटलं. "भिरभिरत असतात उंचावर."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला. "म्हणजे जोरात पळत होतात, एकदम थांबलात, आणि मान वर करून उडणारे पक्षी बघायला लागलात. हे तुम्ही इतक्या डॉक्टरांपैकी एकालाही सांगितलं नाहीत?"

"सगळ्यांनी काय करत होतात ते विचारलं," भाऊजी अगदी मनापासून म्हणाले. "पक्षी बघणं म्हणजे काही करणं नव्हे."

"उठा. करून दाखवा."

आणि माझ्या भाऊजींनी, इस्त्रीचा शर्ट आणि कामावरचे बूट घालून, त्या एवढ्याशा खोलीत जागच्या जागी पळायला सुरुवात केली. मग थांबले. मान मागे टाकली, पार मागे, आणि छतावरच्या ट्यूबलाइटभोवती, कोणाला न दिसणाऱ्या पाकोळ्यांच्या मागे नजर फिरवू लागले. एक फेरी झाली. दुसरी अर्धी झाली आणि त्यांचा हात हवेत काहीतरी शोधायला लागला. एका बाजूने डॉक्टरीणबाईंनी दंड धरला, दुसऱ्या बाजूने माझ्या हातात कॉलर आली.

"हेच! अगदी हेच!" भाऊजी लटपटत ओरडले, जणू हरवलेली वस्तू सापडली.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना टेबलावर आडवं केलं, डोकं एका अंगाला वळवून जरा खाली लोंबतं सोडलं, आणि मला बोलावून दाखवलं. भाऊजींची बुबुळं आपोआप नाचत होती. "कानाच्या आत तोल सांभाळणारी जागा असते. तिथे अगदी बारीक खडे असतात. ते जागचे सरकले, की मान अशी टाकल्यावर जग फिरतं. हृदयाशी काही संबंध नाही. जिवाला धोका नाही." मग त्यांनी भाऊजींचं डोकं इकडे वळवलं, धरून ठेवलं, तिकडे वळवलं, पुन्हा धरलं, कुशीवर केलं, आणि सावकाश उठवून बसवलं.

जीव भांड्यात पडतो म्हणतात, तो कसा पडतो ते मला त्या दिवशी कळलं. आधी काहीच वाटत नाही. मग एकदम बसावंसं वाटतं. मी मागे होतं त्या स्टुलावर बसले, ते निघालं फिरतं, आणि माझ्यासकट भिंतीकडे वळलं.

"तुम्हालाही का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही, नाही," मी भिंतीला सांगितलं. "मी देवाचे आभार मानतेय."

"माना. आणि यांना सांगा, आज आराम, बसने घरी. उद्यापासून हळूहळू पळा. पक्षी दिसला, तर आधी पळणं थांबवा, काहीतरी धरा, मग मान वर. पुन्हा गरगरलं तर इथे या, पुन्हा डोकं फिरवून देईन."

बाहेर आल्याबरोबर मी ताईला फोन लावला. ती चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते. पहिल्याच घंटेला उचलला.

"आधी चांगलं की वाईट, तेवढंच सांग."

"चांगलं. हृदय ठणठणीत आहे."

पलीकडून तिचा आवाज आला, पण मला नव्हे. "आजोबा, तुम्ही ती खालची ओळ वाचत राहा हं. मोठ्याने वाचा." आणि कोणीतरी म्हातारे गृहस्थ एकेक अक्षर ठासून वाचायला लागले. "म... भ की म?... घ..." त्या वाचनाच्या मागे माझी बहीण रडत होती. मी फोन कानाला धरून उभी राहिले. आजोबांनी ओळ संपवली, आणि बहुतेक समजूतदारपणे पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

"मग पडले कशाने?" तिने नाक ओढत विचारलं.

"पाकोळ्यांनी." आणि मी सगळं सांगितलं, ट्यूबलाइटसकट.

"म्हणजे मी इतक्या रात्री यांचे श्वास ऐकत जागी, आणि हे आकाशात बघत होते!"

"कानातले खडे सरकलेत म्हणे."

"कानाला खडा लावा म्हणून जन्मभर सांगतेय. बाहेरून नाही लावला, आतून लावून घेतला!" आता ती हसत होती. "दे त्यांना."

भाऊजींनी फोन घेतला. "हो," म्हणाले. "हो. नाही. हो." मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. मी शेजारच्या झाडाकडे बघतेय असं दाखवलं.

संध्याकाळी मी त्यांच्याकडेच जेवले. ताईने स्टूल घेऊन बूट काढून आणले होते, आणि दाराशी ठेवताना ते जरा आपटलेही, म्हणजे राग गेलेला नाही हे कळावं. परगावच्या लेकीला फोनवर सगळी हकिगत दोनदा सांगून झाली. पहिला घास घेतला आणि भाऊजी म्हणाले, "आज बसच्या खिडकीतून..." ताई लगेच म्हणाली, "मान सरळ ठेवून सांगा." त्यांनी मान सरळ ठेवून एका बगळ्याची बातमी सांगितली. मग एक सम्राट आला, जरा चुकीचाच आला असावा, पण कोणी अडवलं नाही. तिसरी, पळण्याची बातमी मात्र आली नाही. ताईच्या हे ध्यानात आलं नाही, ती वाढत होती आणि मध्येच उगाचच हसत होती.

निघाले तेव्हा भाऊजी फाटकापर्यंत सोडायला आले. अजून पुरता अंधार पडला नव्हता.

"उद्या पळायला हरकत नाही म्हणाल्या ना गं त्या?"

"तुमच्यासमोरच म्हणाल्या की."

"हो. म्हणाल्या." फाटकाची कडी ते वरखाली करत राहिले. "धाकटे, मी त्या पुलाजवळ पडलो ना, तेव्हा सगळं गोल फिरत होतं आणि मला वडील दिसले. म्हणजे दिसले नसतील. पण वाटलं, बस, आता हेच. हे मी हिला सांगितलं नाही. आज ती कितीतरी दिवसांनी झोपेल."

मी फाटकाला टेकून उभी राहिले.

"डॉक्टरांचं पटलंय मला. डोक्याला पटलंय. पायांना अजून नाही पटलेलं."

"मग दोनचार दिवस थांबा."

"थांबलो तर जाणारच नाही. मी स्वतःला ओळखतो." त्यांनी कडी सोडली. "उद्या सकाळी दुकान उघडण्याआधी येशील?"

"भाऊजी, मला पळता नाही हो येत."

"पळायला नकोय. पुलाच्या पलीकडच्या टोकाला नुसती उभी राहा. मला लांबून दिसशील अशी."